कामठीतला केल्डगार्थ

२००४ सालच्या डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी साडेसहाला माझे पती सुखदेव बोरगावकर वारले. ते चहा घेत होते. कप मी उचलून ठेवला.

पुढच्या सप्टेंबरात मी अमेरिकेला गेले. मुलगा अनिकेत बरीच वर्षं बोलावत होता, पण मी निघाले ती त्याच्यासाठी नाही. सुखदेवांच्या कपाटात कागदाची एक लांब गुंडाळी होती. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘श्री. केल्डगार्थ यांना. टपालानं पाठवू नये, चुरगळेल. कुणी जाणारं भेटल्यास हाती द्यावं.’ चार वर्षांत जाणारं कुणी भेटलं नव्हतं.

गुंडाळीची हकिकत आधी सांगते. सुखदेव नागपूरजवळच्या कामठीच्या पोस्टात सब-पोस्टमास्तर होते. २००१ साली, निवृत्तीला वर्ष उरलं असताना, अमेरिकेहून एक पत्र आलं. पत्त्यावर नाव नव्हतं, फक्त ‘रखवालदार, ख्रिस्ती दफनभूमी, कामठी’ एवढंच. असा रखवालदार कुणी नव्हता. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून पत्र परत पाठवता आलं असतं, आणि नियमही तोच होता. पण तो शेरा मारणं सुखदेवांना फार कमीपणाचं वाटे. रविवारी ते सायकल घेऊन दफनभूमीत गेले. छावणीच्या काळातली जुनी जागा, गुडघाभर गवत. पत्र लिहिणाऱ्या केल्डगार्थांना एवढंच हवं होतं की आपल्या आडनावाच्या माणसाचा दगड तिथं आहे का, आणि असल्यास त्यावर काय लिहिलंय. तिसऱ्या रविवारी दगड सापडला. सुखदेवांनी तिथल्या तिथं माहिती टिपून उत्तर पाठवलं. नंतर पुन्हा जाऊन दगडावर कागद धरला आणि पेन्सिलचं शिसं घासून अक्षरांचा ठसा काढला. तीच ही गुंडाळी.

त्यानंतर तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. मी मराठीची शिक्षिका, आणि घरात पत्र आलं की पहिल्यांदा माझ्या हातात पडायचं, पण ती पत्रं मी कधी वाचली नाहीत. ते त्यांचं स्वतःचं होतं.

बोस्टनचा विमानतळ

त्या दिवसांत तिथं सामानाची तपासणी फार कडक होती. वर्दीतल्या माणसानं गुंडाळी ठेवलेलं नळकांडं उघडायला लावलं आणि हे काय, म्हणून विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, “थडग्यावरचा दगड.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कागद टेबलावर उलगडला. नाव मोठ्यानं वाचलं. “तुमचे कोण?”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

त्यानं कागद माझ्यापेक्षाही जपून गुंडाळला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

श्रूजबरी

अनिकेतचं घर श्रूजबरीत. रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण संध्याकाळी फिरायला निघालं की चार घरांआड एखादी सलवार-कमीज किंवा स्वेटर घातलेली आजी भेटते. आम्ही एकमेकींना पाहून थांबत असू. माझ्यासारख्याच, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या.

पहिल्याच शनिवारी एका पुण्याच्या कुटुंबाकडे जेवण होतं. सगळ्यांनी एकेक पदार्थ करून आणायचा, असा तिथला रिवाज. मी सांबारवडी केली होती. पुण्यामुंबईच्या मंडळींना सांबार म्हणजे कोथिंबीर हे समजावण्यात अर्धा तास गेला. मग यजमानीणबाईंच्या सासूबाईंनी विचारलं, “बोरगावकर म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?”

“नागपूरचे.”

“नाही, म्हणजे बोरगाव कुठलं? आमच्यातही एक बोरगावकर होते. आडनावावरून कळतं ना सगळं.”

आमचं आडनाव कसं पडलं ते मला ठाऊक आहे. सासऱ्यांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. आजेसासरे म्हणाले, तुम्हीच काय ते लिहा. मास्तरांनी गावाचं नाव लिहिलं आणि त्याला ‘कर’ लावलं. दोन मिनिटांचं काम.

“आम्ही बौद्ध,” मी म्हटलं.

“हो का,” त्या म्हणाल्या. “वड्या छान झाल्यात हं.” आणि कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

परतताना गाडीत अनिकेत हसत होता. “आई, इथं दर पार्टीत होतं हे. मी आता डायरेक्ट सांगून टाकतो, टाइम वाचतो.”

केल्डगार्थांना लिहिलेल्या एका पत्रात सुखदेवांनी हाच प्रश्न विचारला होता, हे मला विमानात कळलं. पोस्टातल्या माणसाच्या सवयीनं त्यांनी आपल्या प्रत्येक पत्राची कार्बनप्रत आलेल्या पत्रांसोबत लावून ठेवली होती आणि ती फाइल मी हातपिशवीत घेतली होती. ‘आपल्या आडनावाचा अर्थ काय?’ उत्तर आलं होतं: इंग्लंडच्या उत्तरेकडच्या जुन्या बोलीत ‘केल्ड’ म्हणजे झरा आणि ‘गार्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. यॉर्कशरमधल्या एका खोऱ्यात तशी एक वस्ती होती. वस्ती उठली, नाव माणसांना चिकटून राहिलं. त्यावर सुखदेवांनी कळवलं, ‘आमच्याकडे आपल्याला झरेवाडीकर म्हटलं असतं.’ पुढच्या पत्राखाली सही होती, ‘आपला, वॉरन झरेवाडीकर’, इंग्रजी अक्षरांत.

वाचनालय

दुसऱ्या आठवड्यात नात रिया मला गावच्या वाचनालयात घेऊन गेली. ती नऊ वर्षांची. मी मराठीत बोलते, ती बहुतेक वेळा इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान जमतं. तिथं कुणालाही फुकट पुस्तकं नेता येतात. माझ्या नावानं कार्ड करायचं ठरलं. अर्जात तीन रकाने होते. मी लिहिलं: शालिनी. सुखदेव. बोरगावकर. आयुष्यभर असंच लिहीत आले आहे.

टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “सुखदेव. किती सुंदर मधलं नाव आहे तुमचं.”

“आजी, दॅट्स आबाज नेम,” रिया कुजबुजली.

“मग? लग्न झाल्यावर नवऱ्याचं लावतात. त्याआधी वडिलांचं. तुझं नाही का, रिया अनिकेत.”

“स्कूलमध्ये मी सांगते, मधला ए इज फॉर ॲना. आजी, मिडल नेम इज जस्ट युवर ओन नेम. एमाचं मिडल नेम रोज आहे. हर डॅड इज नॉट रोज. ही इज केविन.”

बाई हसल्या, मीही हसले. कार्ड घेऊन आम्ही बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना माझे पाय थांबले.

घरी येऊन फाइल काढली. कामठीहून गेलेलं पहिलं उत्तर. सुखदेवांनी दगडावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला नव्हता. पोस्टाच्या बचतखात्याच्या अर्जात असतात तसे त्यांनी रकाने आखले होते आणि नीट अक्षरात भरले होते. नाव: जॉन. वडिलांचे नाव: एडविन. आडनाव: केल्डगार्थ. वय: चोवीस.

गुंडाळी उलगडली. दगडावर होतं ते असं: जॉन एडविन केल्डगार्थ, वय वर्षे चोवीस. खालची ओळ झिजलेली. वडिलांचा उल्लेख कुठंही नव्हता.

मग पुढची पत्रं पुन्हा वाचली. केल्डगार्थांच्या पणजोबांचा एडविन नावाचा भाऊ तरुणपणी जहाजावर गेला आणि त्याची काही खबर आली नाही. त्याची आई म्हातारपणापर्यंत पत्रं लिहीत होती आणि ती परत येत होती. ‘आपल्या पत्रामुळं समजलं की एडविन जगला,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘त्यानं संसार केला. मुलाचं नाव आपल्या वडिलांवरून जॉन ठेवलं. आमच्या घराण्याची एक फांदी हिंदुस्थानपर्यंत गेली होती.’

संध्याकाळी अनिकेतला सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “आई, सोड ना. ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आनंद झालाय, होऊ दे. आणि आबांचं नाव येतंय त्या पुस्तकात.”

ते खरं होतं. केल्डगार्थ घराण्याच्या इतिहासाचं आपलं सगळं काम पुस्तकासारखं बांधून त्यांच्या गावच्या वाचनालयाला देणार होते, आणि पहिल्या पानावर सुखदेवांचं नाव घातल्याचं त्यांनी भेट ठरवताना फोनवर सांगितलं होतं. सुखदेवांचं नाव छापलेलं मी एकदाच पाहिलं होतं, निधनवार्तेत.

“आबा असते तर काय केलं असतं?” मी विचारलं.

अनिकेतनं हातातली ताटली पुसून ठेवली. “आबांनी रजिस्टर्ड पोस्टानं करेक्शन पाठवलं असतं,” तो म्हणाला. “विथ ॲक्नॉलेजमेंट.”

शनिवार, डोंगरातलं गाव

पश्चिमेला दोन तासांचा रस्ता. गावाचं नाव लिहीत नाही. एक पांढरं चर्च, एक दुकान, एक शाळा, आणि नदीकाठी कापडाच्या गिरणीची विटांची इमारत. गिरणी कधीच बंद पडलेली. झाडं नुकती लाल व्हायला लागली होती. आमच्याकडे जंगल लाल दिसतं ते फाल्गुनात, पळसानं, आणि तेव्हा ऊन तापू लागलेलं असतं. इथं तोच रंग थंडीची सूचना देतो. वळण चुकून आम्ही एका शेतात शिरलो, तिथं एक बाई भोपळे विकत होती. तिनं रस्ता सांगितला. “वॉरनकडे? आज हिंदुस्थानातले पाहुणे येणार म्हणून तो मंगळवारपासून सांगतोय.”

ते दारातच उभे होते. उंच, किंचित वाकलेले, ऊन असूनही अंगात लोकरीचा कोट. शाळेत गणित शिकवायचे. पत्नी वारली, मूलबाळ नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मला फार वाईट वाटलं.” पुढं काही बोलले नाहीत. मला बरं वाटलं. आमच्याकडे भेटायला येणारे बोलतच राहतात.

जेवणघराच्या भिंतीवर तपकिरी कागदाचा ताव या टोकापासून त्या टोकापर्यंत लावलेला होता. त्यावर घराण्याची सगळी वंशावळ. शेजारी अमेरिकेचा नकाशा आणि रंगीत डोक्याच्या टाचण्या. एक टाचणी म्हणजे केल्डगार्थांचं एक घर. मोजायला हातापायांची बोटं पुरली असती. जुनी टेलिफोन डिरेक्टरी मिळेल तिथून मागवून त्यांनी प्रत्येकाला फोन केला होता.

“ओहायोची ही बाई दरवर्षी फोन आपटते,” एका टाचणीवर बोट ठेवून ते म्हणाले. “पण आहे, जिवंत आहे. आपटला की मी खूण करतो.”

रियाला हे फार आवडलं. “हाउ कम देअर आर सो फ्यू?”

त्यांनी तिला गणित समजावतात तसं समजावलं. एकाच वस्तीवरून पडलेलं नाव, म्हणून सुरुवातच थोड्यांपासून. त्यातला एक विणकर या गिरणीत कामाला आला. मुली झाल्या की त्यांची नावं लग्नात बदलली. मुलं झाली ती काही लढाईत गेली, काही तापानं. “या गावात आता मी एकटा. मी गेलो की हे आडनाव इथं फक्त टेकडीवर राहील,” म्हणजे दफनभूमीत. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं.

“बट यू हॅव जॉन,” रिया म्हणाली. तिला वाटेत आम्ही काहीच बजावलं नव्हतं.

“हो,” ते म्हणाले, आणि कागदाच्या उजव्या टोकाला गेले. तिथं एडविनच्या नावाखालून शाईची एक सरळ रेघ उतरली होती आणि तिच्या टोकाला होता जॉन, कामठी. बाकीची नावं काळ्या शाईत, हे निळ्या. “चार वर्षांपूर्वीपर्यंत इथं कागद कोरा होता. माझ्या आजीनं मरेपर्यंत एडविनचं नाव काढलं. हे फक्त तुमच्या पतीमुळं.”

मग त्यांनी बांधलेली प्रत आणून माझ्यापुढं ठेवली. पहिल्या पानावर इंग्रजीत एवढंच होतं: ‘सुखदेव बोरगावकर, सब-पोस्टमास्तर, कामठी, यांस. ते जाऊन बघून आले.’

अनिकेतनं माझ्याकडे पाहिलं आणि मान थोडी हलवली. नको, असा अर्थ.

मी नळकांडं उघडलं. आम्ही दोघांनी मिळून ठसा टेबलावर पसरला. कोपऱ्यांवर त्यांनी मिठाची बरणी, चष्म्याचं घर आणि दोन सफरचंदं ठेवली. अक्षरांवरून हात फिरवायला गेले आणि मध्येच थांबले, पेन्सिल पुसली जाईल म्हणून. “जॉन एडविन,” त्यांनी वाचलं. “बापाचं नाव घातलंय.”

माझं इंग्रजी वाचण्याचं आहे, बोलण्याचं नाही. वाक्यं मी गाडीत जुळवून ठेवली होती. आता ती एकही आठवेना. मी फाइलमधली कार्बनप्रत काढली आणि ठशाशेजारी ठेवली.

“मिस्टर केल्डगार्थ, आमच्याकडे माणसाचं मधलं नाव म्हणजे त्याच्या वडिलांचं नाव. नेहमीच. माझ्या मुलाचं सुखदेव. सुखदेवांचं विठोबा. दुसरं काही असू शकतं हे आमच्या मनातच येत नाही. माझ्या पतींनी दगडावर एडविन वाचलं आणि ते वडिलांच्या रकान्यात लिहिलं. दगड तसं म्हणत नाही.”

ते कार्बनप्रतीकडे पाहत राहिले, मग ठशाकडे. झिजलेल्या ओळीवर भिंग धरलं.

“‘पुत्र’ असा शब्द कुठंच नाही?”

“नाही. त्यांनी दोनदा जाऊन दगड पाहिला. असता तर लिहिला असता.”

“म्हणजे एडविन हे मुलाचंच नाव असू शकतं.”

“हो.”

“बापाचंही असू शकतं.”

“असू शकतं. पण आम्हाला ते माहीत नाही.”

ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरात मक्याची कणसं उकळत होती, झाकण वाजत होतं. अनिकेत जाऊन गॅस बंद करून आला.

“मी गणित शिकवलं चाळीस वर्षं,” ते म्हणाले. “मुलांना सांगायचो, उत्तर आवडलं म्हणून पायरी गाळू नका. तुमचे पती अक्षर इतकं नेटकं काढायचे. मी पायरी तपासलीच नाही.”

“मला माफ करा,” मी म्हटलं.

“कशाबद्दल? तुम्ही पुढचं पत्र घेऊन आलात.”

त्यांनी खणातून पांढऱ्या शाईची बाटली काढली. ब्रश रियाकडे दिला आणि बोटानं दाखवत गेले. एडविनपासून जॉनपर्यंतची रेघ हळूहळू झाकली गेली. वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यांनी पट्टी धरली आणि तिच्या कडेनं रियाला ठिपके काढायला सांगितले.

“डॉट्स म्हणजे काय?”

“म्हणजे असेलही. कुणीतरी पुढं शोधावं.”

मी म्हटलं, “पहिलं पानही काढून टाका.”

“का?”

“चूक त्यांची होती.”

त्यांनी चष्मा लावला, पान उघडलं आणि वाचलं, जणू दुसऱ्या कुणी लिहिलेलं. “ते जाऊन बघून आले,” ते म्हणाले. “गेले ना?”

“गेले.”

“पाहिलं ना?”

“हो.”

“मग यातलं काय काढू?”

जेवायला आम्ही फार उशिरा बसलो. कणसं गार झाली होती. डब्यात वाफवलेला काळसर गोड पाव, घेवड्याची गुळमट उसळ, आणि सफरचंदाच्या गोड पदार्थावर चक्क चीजचा तुकडा. तिथं तशीच पद्धत आहे म्हणाले. मी सांबारवडी नेली होती. त्यांनी ती मेपलच्या पाकात बुडवून खाल्ली. रियानं तोंड फिरवलं. मी एक खाऊन पाहिली. वाईट लागत नाही.

निघताना त्यांनी मला टेकडीवर नेलं. केल्डगार्थांच्या ओळीत त्यांच्या पत्नीच्या दगडावर त्यांचंही नाव आधीच कोरलेलं होतं, जन्मसालासकट. पुढची जागा मोकळी. आमच्याकडे असं कुणी करणार नाही, अशुभ म्हणतील. त्यांनी त्यावरचं एक पान झटकलं आणि म्हणाले, “कामठीच्या दगडाभोवती आता गवत कोण काढतं?”

आधी ते काम सुखदेव करत. ते गेल्यानंतर मी तिथं कधी गेलेच नव्हते.

गाडीत रिया म्हणाली, “आजी, कॅन आय बी रिया अनिकेत अँड ॲना?”

“विचार तुझ्या बाबाला,” मी म्हटलं.

“दोन्ही चालेल,” अनिकेत म्हणाला.

नागपूर

मार्चमध्ये परतले. बांधलेली प्रत त्या गावच्या वाचनालयात आहे. पहिलं पान तसंच आहे, आणि शेवटच्या पानावर केल्डगार्थांनी आमच्याकडच्या नावांची पद्धत सहा ओळींत लिहून जोडली आहे. ठसा त्यांच्याकडे. कार्बनप्रत माझ्याकडे. नकाशाबाहेर भिंतीवर नागपूरची एक टाचणी वाढवलीये, असं त्यांनी कळवलं. नियमात बसत नाही, पण हिरवी आहे, म्हणाले.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी बसनं कामठीला जाते. विळा पिशवीत असतो. गवत काढलं की दगडावरचं नाव वाचता येतं.